चित्र अडकलं की आई बोलायची

आमच्या घरात वायरलेस इंटरनेट आलं तेव्हा गल्लीत दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं. पंचेचाळिशीच्या, बिनलग्नाच्या माणसाला हे कशाला लागतं, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडला. कोल्हापुरात असले प्रश्न कुणी पोटात ठेवत नाही, त्यामुळे तो मला तोंडावरच विचारला गेला. मी म्हटलं, आईला व्हिडिओ बघायचे असतात. लोक हसले. पण खरं तेच होतं. आईला खालच्या खोलीत, तिच्या खाटेवर बसून, माझ्या बहिणीचे व्हिडिओ बघता यावेत आणि ते मधेच अडकू नयेत, एवढंच मला पाहिजे होतं. त्या एवढ्याशा गोष्टीनं माझे चार महिने खाल्ले.

बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातानं बोलते, आणि बोलायला लागली की समोरच्याला दम खाऊ देत नाही. तिचा नवराही तसाच, ऐकू न येणारा. नाशिकला शिंपीकाम करतो. त्या दोघांची आपसातली भाषा मूकबधिरांच्या शाळेत शिकलेली आहे. आई आणि बहिणीची भाषा त्याच्या आधीची. बहीण दोन-अडीच वर्षांची असताना आमच्या स्वयंपाकघरात त्या दोघींनी ती आपली आपण बनवली. दोन्ही तळव्यांनी थापल्यासारखं केलं की भाकरी, हे कुणालाही कळेल. पण मनगटावर दोन बोटं टेकवली म्हणजे साखर मागायला येणारी शेजारीण, आणि हनुवटीखाली मूठ धरली म्हणजे मनात नाही पण करावं लागतंय, हे जगात चारच माणसांना माहीत होतं. त्यातले वडील नव्वदच्या दशकातच गेले. राहिलो तिघं, आणि त्यात मी अर्धाच.

लहानपणी मलाही ती भाषा येत होती. पुढं माझी सुटली. सुटली म्हणणं हे स्वतःला सांभाळून घेणं झालं. मी ती सोडली.

मी पडलो आवाजाचा माणूस. राजारामपुरीत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे, मी त्या क्रमानं गाणी भरून द्यायचो. कुठल्या टेपच्या हेडवर धूळ बसलीय हे मला नुसतं ऐकून कळायचं. बहीण कधी दुकानात आली तर स्पीकरच्या जाळीवर हात ठेवून उभी राहायची आणि गिऱ्हाइकांकडे बघून हसायची. तिच्या घशातून तेव्हा एक आवाज निघायचा. गिऱ्हाईक दचकायचं. मला लाज वाटायची. मी तिला खुणेनं सांगायचो, घरी जा. पुढं पुढं तर खूणही करत नव्हतो, नुसता दाराकडे बघायचो.

मग माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. दोन ठिकाणी सगळं जुळत आलं आणि मोडलं. दोन्हीकडून एकच विचारणा, हे तुमच्या घराण्यातच आहे का? तिसऱ्या खेपेला पाहुणे घर बघायला यायचे होते, तेव्हा मी आईला म्हटलं, हिला तेवढे दोन दिवस मामाकडे पेठ वडगावला पाठव. आई नको म्हणत होती. मी आदळआपट केली. शेवटी मीच बहिणीला एसटीत बसवून आलो. तिला कारण सांगितलं नव्हतं. पण ती खिडकीत बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, त्यावरून मी समजलो की तिला कळलंय.

ते लग्न तरीही झालं नाही. गावातल्या कुणीतरी पाहुण्यांना सांगितलंच. चार दिवसांनी बहीण वडगावहून परत आली, आणि त्यानंतर ती माझ्याकडे बघायची बंद झाली. आपण ऐकू येणाऱ्यांनी अबोला धरला तरी हाका, शिंका, दार आपटणं चालूच असतं. तिच्याशी अबोला म्हणजे तिनं मान वळवली की संपलं, तुम्ही त्या खोलीत नसताच. मी दोन पावलं पुढं जाऊन तिच्या समोर उभा राहायला हवं होतं. मी राहिलो नाही. मला वाटलं, मी थोरला आहे, तीच येईल. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास तिचं लग्न झालं आणि ती नाशिकला गेली. मांडवात साऊंड सिस्टिम माझीच होती. मी दिवसभर वायरी बघत होतो.

नंतरची दहा वर्षं आई एकटीच तिची होती. पत्रं यायची, पण बहिणीचं लिहिलेलं मराठी तुटक. पुढं मोबाइल आल्यावर मेसेज यायला लागले, तेही तसेच. 'दिवाळी मी येणार. ताप आता नाही.' त्यात ती नव्हती. मग तिच्या नवऱ्यानं एक डिजिटल कॅमेरा घेतला आणि एक दिवस कुरिअरनं चिंधीत गुंडाळून, वरून दोऱ्यानं शिवून, एक मेमरी कार्ड आलं. मी ते कॉम्प्युटरला लावलं. बहीण पडद्यावर आली, पदर सारखा केला आणि बोलायला लागली. आई खुर्चीतून निम्मी उठली.

तेव्हापासून आमच्याकडे एक पद्धत पडली. तिचं कार्ड यायचं, मी त्यातलं कॉम्प्युटरवर उतरवून कार्ड कोरं करायचो, मग माझ्या कॅमेऱ्यात तेच घालून आईचं उत्तर भरायचो आणि परत नाशिकला पाठवायचो. आणखी एक कार्ड आणतो म्हटलं, तर आई म्हणाली, "नको. एकच असू दे. हिकडं आलं म्हंजे माझी पाळी, तिकडं गेलं म्हंजे तिची. दोन झाली तर कोण कुणाचं ऐकंल?"

आईचं उत्तर भरताना कॅमेरा मी धरायचो. दहा-दहा मिनिटं माझी आई माझ्या समोर बसून बोलायची, आणि मला त्यातली भाकरी, पाऊस, दुखणं एवढीच उचलता यायची. मधेच ती खळखळून हसायची. मी विचारायचो, काय झालं? "काय न्हाय, आमचं असंच," म्हणायची. कॅमेरा हलू नये म्हणून मी श्वास रोखून उभा असायचो, आणि मला अगदी परक्याच्या घरात उभं असल्यासारखं वाटायचं.

बहिणीची बोलण्याची एक तऱ्हा होती. ती प्रश्न विचारायची आणि हात मांडीवर ठेवून थांबायची. समोर कॅमेरा आहे, माणूस नाही, हे तिला काय कळत नव्हतं? तरी थांबायची. आणि आईही पडद्याकडे बघून हातानं उत्तर द्यायची. मी एकदा म्हटलं, अगं, ते आधीच भरलेलं आहे, ती आता तिथं नाही. आई म्हणाली, "व्हय, म्हाईत हाय की मला. पण इचारलं तर सांगाया नको?"

असं दीड-एक वर्ष छान चाललं. मग पावसाळा संपता संपता आई अंगणातल्या नळापाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती घरातल्या घरात फिरायला लागली, पण जिना कायमचा बंद झाला. आणि कॉम्प्युटर वर, माझ्या खोलीत. तो अवजड डबा खाली आणायचा तर खालच्या खोलीत वीतभर जागा नाही, शिवाय माझं दुकानाचं निम्मं काम तोवर त्याच्यावर आलं होतं. तेव्हा मी एक जुना लॅपटॉप आणला. त्याची डिस्क इतकी लहान की बहिणीच्या दोन फायलींत भरून जायची. त्या कॅमेऱ्याच्या फायलीही भयंकर वजनदार, पाच मिनिटांचं बोलणं म्हणजे अर्धा जीबी. आईला तर नवी-जुनी सगळी बोलणी लागायची. मी दुकानात असताना ती हवं ते लावून बघत बसणार होती. म्हणून ठरवलं, फायली वर राहू देत, वायरलेसवरून खाली दिसू देत.

राऊटर बसवला. आईला लॅपटॉपवर कुठं दाबायचं ते शिकवलं. पहिला व्हिडिओ लावला. अर्धं मिनिट बरा चालला आणि अडकला.

बहिणीचा हात गालाजवळ वर उचललेला, डोळे थेट समोर. चित्र तिथंच. मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात बघतो तर आई बोलायला लागली होती. तिला वाटलं, पोरगी उत्तरासाठी थांबलीय. आई सावकाश, सविस्तर सांगत होती. पाय, डॉक्टर, सकाळी येणाऱ्या बाई, अंगण, असा माझा अंदाज. निम्म्यावर आली असेल नसेल, तेवढ्यात चित्र धाडकन सुटलं आणि बहीण भलतंच काहीतरी भराभरा सांगत पुढं गेली. आईचे हात हवेतच राहिले.

"पुरतं बोलूच देत न्हाय ही मला," आई म्हणाली. खट्टू झाली होती.

मी तिला समजावलं की ही थांबत नाही, मशीन थांबतं. तिनं मान डोलावली. पण पुढच्या वेळी चित्र अडकलं की पुन्हा हात उठायचेच. सवयच ती. खरं थांबणं कुठलं आणि मशीनचं कुठलं, हे तिला ओळखता येईना, आणि मलाही येत नव्हतं. काही दिवसांनी तर बहीण खरंच प्रश्न विचारून थांबली तरी आई उत्तर देईना. नुसती बघत राहायची. लॅपटॉप मिटून म्हणायची, "तू काढ बाबा ते नीट. मग बघू."

मग मी मागंच लागलो. आमचा खालचा मजला काळ्या दगडाचा, दोन फुटी भिंती. वरचा मजला नंतर विटांत चढवलेला. राऊटर वर, लोखंडी कपाटावर. आईच्या उशाशी आणखी एक लोखंडी ट्रंक. लहर जाणार कुठून? पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी लॅपटॉप हातात धरून घरभर सिग्नलच्या दांड्या मोजत फिरत होतो. प्लेअरमध्ये आधी किती साठवून ठेवायचं याचा एक आकडा असतो, तो वाढवून बघितला. मग चित्र उशिरा अडकायचं, पण अडकलं की जास्त वेळ अडकायचं. चॅनेल बदलले. राऊटरची शिंगं वाकवली, सरळ केली. एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून मागं चांदीचा कागद लावला. आई खाटेवरून माझ्याकडे बघत असायची. मी तिच्याशी बोलत नव्हतो, राऊटरशी बोलत होतो, आणि ते काय बोलत होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मला वाटलं, रस्ता रुंद होत नाही तर गाडी लहान करू. व्हिडिओ लहान करायचं एक सॉफ्टवेअर मिळालं. सेकंदाला तीस चित्रं असतात, ती मी आठ केली. फाईल एकदम सुटसुटीत झाली. शिवाय प्रत्येक फायलीच्या शेवटी बहीण हात मांडीवर ठेवून पाऊण-एक मिनिट नुसती कॅमेऱ्याकडे बघत बसलेली असायची, मग पुढं वाकून तो बंद करायची. मला वाटलं, बटण सापडत नसेल. ते रिकामं शेपूट सगळ्या फायलींचं कापून टाकलं.

आवाज मात्र मी उत्तम ठेवला. ते माझं काम. त्यात होतं काय? पंख्याची घरघर, मागच्या खोलीतलं शिलाई मशीन, रस्त्यावरचा भाजीवाला, बहिणीच्या बांगड्या. मी बसून बसून पंख्याची घरघर गाळून काढली. भारनियमनात दोनदा वीज गेली, दोनदा पहिल्यापासून केलं. अकराच्या अकरा फायली झाल्या, डिस्क भरत आली होती, म्हणून मूळच्या पुसून टाकल्या. कार्ड तर केव्हाच कोरं करून परत गेलेलं. मी एवढा खूष होतो की त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.

लॅपटॉप आईपुढं ठेवला. चित्र कुठंही अडकलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही नाही. मी दाराशी उभा राहून आई काय म्हणते याची वाट बघत होतो. आई पुढं वाकली. डोळे बारीक केले. चष्मा काढला, पुसला, घातला.

"आरं, ही बोलंना झालीया," ती म्हणाली.

"बोलतेय की. हात हलतायत."

"हलत्यात. पर बोलत न्हाय."

मी जवळ जाऊन बघितलं. हात इथं दिसायचा, मग एकदम तिथं. मधला प्रवास नव्हता. आणि तिचं बोलणं म्हणजे सगळं त्या मधल्या प्रवासातच. जिथं पोचला तिथं काही नसतं. चेहरा स्वच्छ, साडीवरची फुलं स्वच्छ, बांगड्यांचा आवाज तर असा की घ्या. बावीस चित्रं मी टाकली होती, त्या बावीस चित्रांत माझी बहीण बोलत होती.

मला पहिल्यांदा राग आला तो आईचा. एवढं केलं ते हिला दिसत नाही, असं वाटलं. मग काय करून बसलो ते लक्षात आलं. बहिरी बहीण, तिचा व्हिडिओ, आणि मी आवाज राखून हात कापले. दुसरं कुणी असतं तर ही चूक झालीच नसती. त्यासाठी घरात बहीण असून माझ्यासारखं राहावं लागतं.

आईला सांगितलं, जुनं सगळं गेलं. तिनं लॅपटॉप मिटून बाजूला सारला. मग म्हणाली, "जुनं ऱ्हाऊ दे. माझ्या ध्यानात हाय. पाय मोडल्यावर आल्या त्या दोन नव्यांत काय म्हणत हुती तेवढं परत इचार तिला."

मी मेसेज केला, कार्ड खराब निघालं, परत भरून पाठव. आईला वाचून दाखवला तर ती माझ्यावर उखडली. "खोटं कशापायी? उगी ती नवीन कार्ड आणत बसंल. खरं सांग की." मग दुसरा मेसेज केला. कार्ड चांगलं आहे. फायली मी बिघडवल्या. तिचं उत्तर आलं, 'बरं.' दहा वर्षांत मी स्वतःबद्दल तिला लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं.

कार्ड यायला वीस-एक दिवस लागले. तेवढ्यात मी शहाणा झालो होतो. राऊटर कपाटावरून काढून जिन्याच्या वळणावरच्या कोनाड्यात ठेवला. तिथून आईची खोली सरळ रेषेत येते. उशाची ट्रंक पायथ्याशी सरकवली. फायलींना हात लावला नाही. आणि मूळची, वजनदार, तीस चित्रांची फाईल त्या दगडी खोलीत पाण्यासारखी वाहायला लागली. इतकं सोपं होतं. चार महिने राऊटर कपाटावरून खाली उतरवावा, हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी दुकानात कामाची घाई नव्हती. परत काही अडकलं तर असावं म्हणून मी खोलीत थांबलो. एरवी कधी थांबत नसे. त्यांचं बोलणं सुरू झालं की मला वर काहीतरी काम निघायचं. बहीण बोलत होती, प्रश्न विचारून थांबत होती, आई उत्तरं देत होती. कित्येक महिन्यांनी आईचे हात इतके मोकळे बघितले. आई हसली, मधेच डोळे पुसले, पुन्हा हसली. मग बहिणीनं काहीतरी आखूड विचारलं, हात मांडीवर ठेवले आणि ती कॅमेऱ्याकडे बघत बसली.

मी म्हटलं, "झालं वाटतं. शेवटी ती अशीच बसते."

आईचे हात हलले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

"तुला इचारलंय," आई म्हणाली.

"काय?"

"दादा माझ्याशी कधी बोलणार, म्हणून. दर खेपंला इचारती. आन् तू बोलशील म्हणून थांबती."

पडद्यावर बहीण थांबलेलीच होती. डोळे मिटत होते, उघडत होते, गळ्याशी श्वास वर-खाली होत होता. चित्र अडकलेलं नव्हतं. मी अकरा वेळा ते शेपूट कापलं होतं, रिकामं म्हणून. मला आईचा भयंकर राग आला.

"मग मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"सांगितलं असतं तर तू हिकडं यायचा बंद झाला असतास," आई म्हणाली. खरं होतं ते.

बहीण पुढं वाकली आणि कॅमेरा बंद झाला. मी वर निघून गेलो.

आईचं उत्तर भरून झालं की त्यानंतर प्रत्येक वेळी ती म्हणायची, "आता तू बस." मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. मला खुणा आठवत नाहीत, आधी शिकव. ती शिकवायला तयार असायची. मग दुकान असायचं, वीज गेलेली असायची, दाढी वाढलेली असायची. हे मी आळसानं केलं नाही. मला भीती वाटत होती. तिच्यासमोर, अगदी कॅमेऱ्यातनंसुद्धा, तोंड घेऊन बसायची भीती. दीड वर्ष मी पुढच्या खेपेला म्हणत राहिलो, आणि दीड वर्षांनी आई गेली. निमोनिया झाला, आठ दिवसांत संपलं.

बहीण आली, राहिली. घर माणसांनी भरलेलं. कोण ना कोण सारखं माझ्याशी बोलत होतं. तिच्याशी बोलणारं घरात कुणी उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात ती आणि तिचा नवरा समोरासमोर बसलेले दिसायचे, त्यांच्या शाळेतल्या भाषेत बोलत. दोन-तीनदा तिची माझी नजर भेटली. मीच पहिल्यांदा मान खाली घातली. जाताना तिनं आईच्या दोन साड्या नेल्या.

त्यानंतर घरात मी एकटा. दुकानातून आलो की कुलूप मीच काढायचं, दिवा मीच लावायचा. आवाजाचा माणूस असून घरात रेडिओ लावावासा वाटेना. खालच्या खोलीत लॅपटॉप तसाच पडलेला, कोनाड्यात राऊटरचा दिवा लुकलुकत असायचा. तो बंद करायचं माझ्या मनात यायचं आणि राहून जायचं.

महिना-दीड महिन्यानं एका रविवारी दुपारी कुरिअरवाला आला. चिंधी, दोरा. पाकीट आईच्या नावावर नव्हतं, माझ्या नावावर होतं. वरच्या कॉम्प्युटरवर फाईल उतरवली. तिथंच बघता आली असती. पण मी खाली आलो, आईच्या खाटेवर बसलो आणि तिथं लावली.

बहीण पदर सारखा करून बसलेली. तिनं सुरुवात केली आणि मला आधी वाटलं, पुन्हा काहीतरी अडकतंय. ती इतकी सावकाश हात हलवत होती. एकेक खूण करायची, थांबायची, तीच पुन्हा करायची. लहान मुलाला घास भरवतात तशी. ती मला कळावं म्हणून बोलत होती. आणि मला कळत होतं. सगळं कळत होतं. आई नाही. घर मोठं. तू एकटा. भाकरी कोण करतं? तू जेवतोस का? संध्याकाळी आत येताना तुला भीती वाटते का?

हात मांडीवर ठेवून ती थांबली.

"व्हय," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, त्या रिकाम्या खोलीत. मग लक्षात आलं, आणि मान हलवली. ती बघत राहिली. फाईल संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती आणि मी रडत होतो.

मग मी कार्ड कोरं केलं, माझ्या कॅमेऱ्यात घातलं, समोरच्या स्टुलावर उशीचा टेकू देऊन कॅमेरा ठेवला आणि बटण दाबून खाटेवर येऊन बसलो. समोर कॅमेरा धरायला कुणी नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं की ही खूण अशी नाही, अशी. वडगाव कसं म्हणतात ते मला आठवेना. एसटी आठवेना. पाहुणे आठवेनात. हात वर घेतले आणि किती तरी वेळ तसाच बसलो. शेवटी दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले आणि कार्ड भरेपर्यंत सोडले नाहीत. तेवढी एकच खूण मला नीट येत होती.